हितसंबंध असल्यास सांगावे

माझ्या आईच्या फोटोकडे तो इतका वेळ टक लावून बघत होता, की शेवटी मला खोकावंच लागलं.

बाहेर बिश्केकवर फेब्रुवारीचा तो नेहमीचा भिजका बर्फ पडत होता, धड पाऊस नाही, धड हिम नाही. ग्रंथालयाच्या वर्तमानपत्र विभागात माझ्या कोटावरून पाणी ठिबकत होतं, आणि मला हवा असलेला जुन्या अंकांचा जाडजूड खंड एका परक्या मुलाच्या कोपराखाली होता. उघडा. पानाच्या मधोमध घोड्यावर माझी आई... वेण्या वाऱ्यावर, चाबूक दातांत धरलेला, वय असेल बावीस-तेवीस.

"फोटो आवडला वाटतं?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली, हसला आणि खंडच माझ्याकडे वळवला. "तुम्हीच बघा ना! फोटो काढून झाला की त्या फोटोग्राफरलाच फटकावणार, असं बघतेय. मी असतो तर हिच्यामागे घोडा घालायची हिंमतच झाली नसती."

"घोडा आहे तुमच्याकडे?"

"नाही. सायकल आहे. तीही पंक्चर."

"मग काळजीचं कारण नाही," मी म्हटलं. "ती माझी आई आहे."

आता मात्र त्याचे कान लाल झाले. फार छान लाल झाले. मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. खंड त्याच्याकडे होता, मग जाणार तरी कुठे?

"मी वाईट काही बोललो नाही ना?" त्यानं विचारलं.

"अजून तरी नाही. पण तुम्हाला माझी आई कशाला हवी?"

"ज्ञानकोशासाठी. आपला तो इंटरनेटवरचा... कुणीही लिहावा, कुणीही सुधारावा असा. तुम्ही कदाचित—"

"तुमचं नाव?"

"तिलेक."

मी कपाळावर हात मारला. "नारिनहून आलेले तिलेक? शर्टाच्या बटणांवर एवढा मोठा लेख लिहिणारे? दोन भोकांची, चार भोकांची?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही... सायकाल एजे?"

"एजे? तुम्ही मला ताई म्हणताय?"

"तुमचे ते शेरे! 'हे वाक्य कुणासाठी लिहिलंय?', 'याला वाचक कोण?' मला वाटलं, पन्नाशीच्या असाल. चष्मा, अंबाडा..."

"शाळेत शिकवते मी. जीवशास्त्र. शेरे तसेच येतात."

"अंबाडा नाहीये," तो पुटपुटला. हे त्यानं इतकं मनापासून म्हटलं, की या वेळी माझे कान गरम झाले.

आमचा ज्ञानकोश चालवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. सगळी बिनपगारी, सगळी हट्टी. कुणी कुठला लेख सुधारायला घ्यावा याला नियम नाही, आणि म्हणूनच त्यावरून आमच्यात सगळ्यात जास्त भांडणं होतात. ओमुरबेक बाइके, म्हणजे आमचे ओमुरबेक दादा, निवृत्त रेल्वेवाले, पण लिहिणार फक्त पक्ष्यांवर. रायकान एजे आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्या दुसऱ्यांनी मोडून ठेवलेले लेख उचलतात, फाटकं शिवावं तशा. आणि मी? माझा हिशेब सरळ आहे. ज्याला भूक लागलीय त्याला आधी वाढायचं. परीक्षा जवळ आली की पोरं काय शोधतात ते मी बघते. पान अन्न कसं बनवतं, हृदयाचे कप्पे किती... ते त्यांना आपल्या किरगीझ भाषेत नीट मिळालं पाहिजे. बटणं नंतर.

"आणि तुम्ही कसे निवडता?" मी त्याला विचारलं. "बटणांचं तुम्हाला स्वप्न पडलं होतं का?"

"मी निवडतच नाही. ते 'कोणताही लेख' असं एक बटण आहे ना, ते रोज सकाळी दाबतो. जो लेख समोर येईल तो माझा. आमच्या आजोबांकडे बर्फातून कुणीही वाटसरू आला, की ते म्हणायचे, कुदाई कोनोक, देवानं धाडलेला पाहुणा. कुठला, कोण, काही विचारायचं नाही. जेवू घालायचं आणि नीट झाल्यावरच पाठवायचं."

"म्हणजे माझी आई तुमच्या दारात आली?"

"परवा सकाळी. चारच ओळी होत्या बिचारीच्या अंगावर."

मी हसले खरी, पण त्या चार ओळींनी माझी झोप उडवली होती.

माझ्या आईचं नाव बर्मेत. तिच्या तरुणपणी कोचकोरच्या आसपास जत्रा भरली, की किझ-कूमायसाठी तिचं नाव आधी पुकारलं जायचं. पोरगी घोड्यावर पुढे सुटते, पोरगा मागून. गाठलं तर धावत्या घोड्यावरून तिच्या गालावर ओठ टेकवायचे. नाही गाठलं, तर परतीच्या वाटेवर ती त्याला चाबकानं बडवत आणते, आणि सगळं मैदान टाळ्या वाजवतं. आईनं किती जणांना बडवलं याची गणती नाही. पण ज्ञानकोशातल्या तिच्या लेखात तिसरी ओळ होती: 'सागिन या घोडेस्वाराने तिला गाठले होते.' संदर्भ म्हणून सागिनच्या गावानं छापलेली एक स्मरणिका जोडलेली. आई ते वाचून भडकली होती. "मला? सागिननं? अगं, तो ओढ्यात पडला होता तोंडावर!"

आणि मी काहीच करू शकत नव्हते. आपल्या माणसांवर आपण लिहायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. आईचं तोंडी सांगणं हा पुरावा नव्हे, हा दुसरा. लेखाच्या चर्चेच्या पानावर मी कधीची विनंती टाकून ठेवली होती की कुणीतरी हे तपासा. पण ओमुरबेक बाइकेंना आई हवी असेल तर तिला पंख फुटायला हवे होते.

आता घाई होती. यंदाच्या नूरुझला, वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, कोचकोरच्या मैदानावर आईचा सत्कार व्हायचा होता. आणि असल्या कार्यक्रमांत माइकवरचा माणूस पाहुण्याची ओळख कुठून वाचून दाखवतो? आमच्या ज्ञानकोशातून. जसंच्या तसं. अख्ख्या तालुक्यासमोर, सागिनच्या नातेवाइकांसमोर ती तिसरी ओळ भोंग्यातून वाजणार होती. "मी जाणारच नाही," आई म्हणाली होती, आणि ती बोलते ते करते.

महिन्याच्या बैठकीत आमची एक रीत आहे. चहा ओतला जातो, तळलेल्या बोरसोकची परात मधोमध येते, आणि प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं, या महिन्यात कुठला लेख घेतला आणि त्याच्याशी आपला काही हितसंबंध आहे का. रायकान एजे दर वेळी त्याच सुरात विचारतात.

"तिलेक, लेख?"

"घोडेस्वार बर्मेत."

"हितसंबंध?"

"नाही." मग त्यानं माझ्याकडे एक चोरटा कटाक्ष टाकला. "लेकीशी ओळख आहे. ग्रंथालयातली."

"ओळख चालते," एजे म्हणाल्या. "सायकाल, तू त्याला आईबद्दल एक अक्षर सांगायचं नाहीस. कळलं?"

"कळलं."

कळलं, आणि तिथूनच सगळी गंमत सुरू झाली. दर शनिवारी तो खंड उघडून बसायचा आणि मी समोर, हृदयाचे कप्पे घेऊन. आईबद्दल एक अक्षर नाही. मग उरलं काय? बाकीचं सगळं! तो रेडिओत आवाज जोडायचं काम करतो. पावसाचा आवाज हवा असेल तर तव्यावर मीठ टाकतात, हे त्यानं मला सांगितलं. बेडकाला तीन कप्प्यांचं हृदय असतं, हे मी त्याला सांगितलं.

"तिन्हीत जागा असते?" त्यानं विचारलं.

"बेडकीला विचारा."

"बेडकी फार शेरे मारते हो."

दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या तंदूरवर सामसा खायचो. गरम सामसातून रस हनुवटीवर ओघळला, की तो बघायचा आणि नजर वळवायचा. तो रुमाल कधी पुढे करील याची मी वाट बघायला लागले होते. पुढे केला, तेव्हा आम्ही 'अहो'वरून 'अरे'वर आलो. बर्फ सरून चिनारांच्या बुंध्यांवर ऊन यायला लागलं होतं.

"किती भरभर चालतेस गं!" तो मागून ओरडायचा. "माणसानं बोलायचं कुणाशी? तुझ्या पाठीशी?"

"आईची चाल आहे. गाठता येत असेल तर गाठ."

"सायकल आणतो."

"आधी पंक्चर काढ!"

मला स्वतःबद्दल सहसा शंका नसते. त्याच्याबद्दलही नव्हती. मला तो आवडत होता, त्याला मी, आणि नूरुझच्या आत तो आईची ओळ नीट करणार होता. सगळं कसं मापात बसत होतं. मग एका शनिवारी तो आलाच नाही.

लेख उघडून बघितला. तिसरी ओळ तशीच होती. पुढच्या दिवसांतही तशीच. फोन केला.

"तिलेक, नूरुझ तोंडावर आलाय. काही सापडलं नाही का?"

"सापडलं."

"मग?"

"मग... बैठकीत सांगतो."

"बैठकीत? मला आत्ता सांगायला काय होतंय?"

"तुला नाही सांगता येणार, सायकाल. नियम आहे."

"पाहुण्याला अर्ध्या ताटावरून उठवतोयस तू! आजोबांनी हेच शिकवलं का?"

मी फोन ठेवला आणि हातातला खडू मोडला.

नूरुझच्या आदल्या शनिवारी बैठक भरली. तो कोपऱ्यात बसला होता, मांडीवर कागदांची एक घडी. बोरसोकला हात लावला नव्हता. एजेंनी त्याचं नाव घेतलं.

"एजे, मला हा लेख सोडायचाय."

"का रे? तू तर कधी सोडत नाहीस."

"हितसंबंध," तो म्हणाला.

खोलीत चमचे थांबले. ओमुरबेक बाइकेंनी चष्मा वर सरकवला. "गेल्या महिन्यात नव्हता तो?"

"नव्हता. आता आहे."

"बर्मेतशी तुझं नातं काय?" एजेंनी विचारलं.

"अजून काही नाही." मग त्यानं एकदाचं माझ्याकडे बघितलं, सगळ्यांदेखत. "व्हावं अशी इच्छा आहे... तिच्या लेकीची हरकत नसेल तर."

कुणाला तरी चहाचा ठसका लागला. माझ्या छातीत चारही कप्पे एकदम धडधडले. ओमुरबेक बाइके मात्र गंभीरपणे फोनवर नियमांचं पान उघडून बोट फिरवत होते. "पत्नी आहे... भावंडं आहेत... मालक, नोकर... सासू आहे. भावी सासू काही नाहीये यात."

"मग घाला!" एजे म्हणाल्या. "पण तिलेक, एवढ्यासाठी लेख सोडायचं कारण? प्रेमात पडलेली माणसंही सरळ लिहू शकतात."

"मीही तेच धरून चाललो होतो." त्यानं कागद टेबलावर ठेवले. "ही त्या वेळची बातमी. सागिन ओढ्यात पडला, असं स्पष्ट छापलंय. ती ओळ खोटी आहे. पण पुढच्या शरदातली दुसरी बातमी आहे. त्या जत्रेत एका स्वारानं बर्मेतला गाठलं. एकदाच. मी ती वाचली आणि... गप्प खंड मिटला. म्हटलं, कुणाला कळणार? सायकालच्या आईला वाईट वाटेल, सायकालला वाईट वाटेल. दोन दिवस मी ती बातमी लपवून ठेवली, एजे. मी! तेव्हा कळलं, माझा तोल गेलाय. आता या लेखावर माझा हात चालणं बरोबर नाही."

मी कागद ओढून घेतला. बातमी लहानशी होती. गाठणाऱ्या स्वाराचं नाव जुमाबेक होतं. माझे बाबा.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. 'मला कुणी गाठलं नाही' असं आई जेव्हा जेव्हा म्हणायची, तेव्हा ते चहाच्या वाटीत बघत नुसते हसायचे. ते का हसतात, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"ही ओळ घालू नका," मी म्हणाले. "एजे, माझी आई आयुष्यभर... सागिनचं काढा, पण हे भोंग्यातून वाचायला लावू नका."

"सायकाल," एजे हळूच म्हणाल्या, "या लेखाशी तुझा काय संबंध?"

माझाच नियम, मीच सगळ्यांना शिकवलेला. एजेंनी लॅपटॉप पुढे ओढला, दोन्ही बातम्या वाचल्या आणि तिथंच टाइप करायला सुरुवात केली. एक ओळ गेली, एक आली. मी कोट उचलला.

जिन्यात तो मागे आला. "सायकाल, थांब ना! चिडलीस?"

"हो."

"मी जे बोललो त्यावर, की जे सापडलं त्यावर?"

"तू लपवून ठेवलं असतंस तर आई आनंदात असती!"

"आणि तू कधीतरी तो खंड उघडला असतास," तो म्हणाला. "मग माझं तोंड कसं बघितलं असतंस?"

मी भरभर जिना उतरून निघून गेले. त्यानं जे सगळ्यांदेखत विचारलं होतं, त्याचं उत्तर मी दिलंच नव्हतं.

आईला मी एवढंच सांगितलं, की सागिन गेला. "बघ!" ती म्हणाली, आणि सत्काराला तयार झाली. पुढचं सांगायला माझी जीभ रेटेना.

नूरुझला कोचकोरच्या मैदानावर बर्फाळ डोंगरांकडून गार वारा येत होता. मोठमोठ्या कढयांत मोड आलेल्या गव्हाचं सुमोलोक रटरटत होतं. रायकान एजे आमची सगळी टोळी घेऊन आल्या होत्या, आणि टोळीत कॅमेरा गळ्यात घालून तिलेक.

"याला कशाला आणलंत?" मी कुजबुजले.

"लेखाला ताजा फोटो हवा," एजे म्हणाल्या. "फोटोला हितसंबंध लागत नाही."

आई पुढच्या रांगेत ताठ बसली होती, पांढरा रुमाल डोक्याला बांधून. माइकवरच्या माणसानं फोन डोळ्यांजवळ धरला आणि वाचायला लागला. जत्रा, घोडे, सागिन ओढ्यात पडला तो किस्सा... मैदान खदखदून हसलं. आईनं हनुवटी वर केली. मग तो वाचत गेला, "...बर्मेतला आयुष्यात एकाच स्वाराने गाठले. त्याचे नाव जुमाबेक."

मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा आई उभी होती. रुमालाचं टोक डोळ्यांना लावलेलं. मी धावत गेले. "आई, मी सांगणार होते... बातमीतच तसं होतं..."

"ऐकलंस?" ती म्हणाली. "त्याचं नाव घेतलं गं. एवढ्या मोठ्यानं... सगळ्यांसमोर. इतक्या वर्षांत घराबाहेर कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं." तिनं नाक ओढलं. "कुणी शोधून काढलं हे?"

मी बोट दाखवलं. तिलेक कॅमेऱ्याआड लपायचा प्रयत्न करत होता. आईनं त्याला खुणेनं बोलावलं, आणि तो आला, शाळेत उभं केल्यासारखा.

"बाळा, फार चांगलं केलंस," आई म्हणाली. मग तिचा आवाज नेहमीच्या पट्टीत आला. "पण चूक आहे! त्यानं मला गाठलं नाही."

"पण बातमीत—"

"बातमीदार माझ्या घोड्यावर बसला होता का? मी लगाम ओढला. वळणावर. थोडासाच. त्यालाही कळलं होतं, म्हणून तर जन्मभर हसायचा मेला."

तिलेकनं नकळत खिशातून पेन काढलं. "याला छापील पुरावा...?"

"नाही. लगाम माझ्या हातात होता, एवढंच." तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सायकलवाला तो तूच ना? पंक्चरचं काय झालं?"

"काढलं," तो म्हणाला. कान लाल.

परतीची गाडी मैदानापलीकडे उभी होती. मी निघाले, नेहमीच्या चालीनं. मागून तिलेकच्या बुटांचा आवाज येत होता, ओल्या मातीत चपचप. तो हाक मारत नव्हता. त्यानं विचारायचं ते एकदा विचारलं होतं, सगळ्या खोलीसमोर. आता पुन्हा विचारणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

घोड्यांच्या खुंटांजवळ वाट वळते. तिथं मी पावलं आवरली. थोडीशीच.

तो शेजारी आला, धापा टाकत. "दमलीस?"

"मी? नाही."

"पाय मुरगळला?"

"नाही रे."

"मग?" तो बघत राहिला. कळायला त्याला जरा वेळ लागला. रेडिओवाला असून कान तेवढे तल्लख नाहीत त्याचे. मग त्याच्या चेहऱ्यावर सावकाश हसू पसरलं. "म्हणजे... मी गाठलं?"

"गाठलं नाहीस," मी त्याचा गार हात हातात घेत म्हटलं. "आणि याला छापील पुरावा तुला कुठेच मिळणार नाही."

तो वाकला आणि त्यानं माझ्या गालावर ओठ टेकवले. मागे कुठेतरी माझ्या आईनं टाळी वाजवली.

पुढच्या बैठकीत रायकान एजेंनी माझं नाव घेतलं. "सायकाल, लेख?"

"बेडकाचं हृदय."

"हितसंबंध?"

"बेडकाशी नाही," मी म्हटलं. "पण शेजारी बसलेल्याशी आहे. नोंद करून घ्या."